कोरी चौकट

आमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून मी शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचे तपासणी-तक्ते चाळत होते, तेव्हा एका तक्त्यापाशी माझा हात थांबला. तो रुग्ण माझ्या चांगला लक्षात होता, कारण त्याची शस्त्रक्रिया मीच रद्द केली होती. त्या सकाळी त्याला ताप होता, छातीत घरघर ऐकू येत होती आणि भूल देणे धोक्याचे असल्यामुळे मी त्याला शस्त्रक्रियेपूर्वी थांबवतात त्या प्री-ऑप खोलीतूनच वॉर्डात परत पाठवले होते. तो टेबलावर गेलाच नव्हता. तरीही त्याच्या केसपेपरला जोडलेल्या तक्त्यावर तिन्ही टप्प्यांच्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. रुग्णाची ओळख पटवली, बाजू पडताळली, प्रतिजैविक वेळेत दिले, मॉप (रक्त टिपण्याच्या कापडी घड्या) आणि सुया मोजल्या व त्या बरोबर भरल्या, असे सगळे त्या कागदावर घडून गेले होते. खाली सही होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका विश्वस्त संस्थेने चालवलेल्या, शंभरेक खाटांच्या रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. हा तक्ता आमच्याकडे आणण्याचा आग्रह माझाच होता, आणि त्यामागे एक घटना होती.

तक्ता येण्यापूर्वी काही महिने आमच्या ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, हर्नियाची एक शस्त्रक्रिया होती. स्पायनल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारे पाठीतले इंजेक्शन, देऊन झाले होते, रुग्णाला झोपेचे हलके औषधही दिले होते आणि सर्जन हात धुऊन आत आले होते. टाइप केलेल्या ओटी लिस्टवर ‘डावा’ असे होते, म्हणून डावी बाजू जंतुनाशकाने रंगवून ड्रेप (निर्जंतुक चादरी) घालण्यास सुरुवात झाली. हर्नियाची गाठ रुग्ण उभा असताना दिसते; आडवे झाल्यावर ती बहुधा आत जाते. त्यामुळे पोटाकडे नुसते पाहून बाजू कळण्यासारखी नव्हती. तेवढ्यात सकाळी त्या रुग्णाचे केस काढणारे वॉर्डबॉय मामा माझ्या खुर्चीमागे आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “मॅडम, ह्यांना उजवीकडं गाठ होती ना?” मी केसपेपर उघडला. तपासणीच्या नोंदीत आणि संमतीपत्रात, दोन्हीकडे ‘उजवा’ लिहिले होते. मी सर्जनना सांगितले, ड्रेप बदलले गेले आणि शस्त्रक्रिया योग्य बाजूला व्यवस्थित पार पडली.

त्यानंतर त्या विषयावर कोणीही एक शब्द बोलले नाही, आणि मला सर्वांत अधिक अस्वस्थ त्याच गोष्टीने केले. दुपारी चहाच्या वेळी फ्लोअर सिस्टरने (ओटीत टेबलापासून दूर राहून सामान देणाऱ्या सिस्टरने) मला सांगितले की तिलाही शंका आली होती. रुग्णाला आत घेताना त्याने स्वतःच तिला ‘उजवीकडं दुखतंय’ असे सांगितले होते. मग बोलली का नाहीस, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, “वाटलं, सरांनी तपासलंय म्हणजे बरोबरच असणार.” केसपेपर माझ्याही हाताशी होता, आणि मीही तो भूल देण्याआधी या दृष्टीने वाचला नव्हता. मामांनी ती गोष्ट माझ्या कानात सांगितली, सर्जनना थेट सांगितली नाही, याचा अर्थ मला तेव्हा पुरता उमगला नाही. चुका टाळण्यासाठी एक चांगली पद्धत हवी, एवढाच निष्कर्ष मी काढला.

पद्धत तयारच होती. जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठीचा सुरक्षा-तक्ता जाहीर केला. तो तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व अतुल गवांदे यांनी केले होते. विदर्भातल्या एका खेड्यातून अमेरिकेत गेलेल्या डॉक्टरांचे ते पुत्र. तक्त्यात एकूण १९ मुद्दे आहेत आणि तीन थांबे आहेत : भूल देण्यापूर्वी, त्वचेवर छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्यापूर्वी. जगातल्या आठ शहरांतील आठ रुग्णालयांत त्याची चाचणी झाली आणि त्यांत नवी दिल्लीही होती. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यानुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. आमच्या रुग्णालयात त्या हर्नियाच्या घटनेनंतर एनएबीएचच्या (रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मानांकनाची तयारी सुरू होती, त्यामुळे व्यवस्थापनाला हा तक्ता पटवण्यास काही अडचण आली नाही. परिपत्रक निघाले, इंग्रजी नमुना छापून आला, मी स्लाइड्स दाखवून तासाभराचे व्याख्यान दिले आणि पुढच्या सोमवारपासून तक्ता सुरू झाला. तीन महिन्यांनी दर्जा-विभागाच्या अहवालात शंभर टक्के पूर्तता अशी नोंद आली, आणि ती पाहूनच मी रेकॉर्ड रूममध्ये गेले होते.

त्या तक्त्यावर सही करणारी सिस्टर प्रामाणिक आणि अत्यंत मेहनती आहे. मी तिला रागावले असते तर ती रडली असती, पुढच्या वेळी तक्ता अधिक काळजीपूर्वक खोटा भरला गेला असता, आणि मला कधीच काही कळले नसते. म्हणून मी इन्चार्ज सिस्टरना सोबत घेऊन तिच्याशी बोलले. तिने सांगितले की सकाळच्या सगळ्या केसेसचे तक्ते रात्रपाळीच्या सिस्टर आदल्या रात्रीच भरून ठेवतात, म्हणजे सकाळी घाई होत नाही. प्रत्येक थांब्यावर तक्ता सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा असतो, हे माहीत आहे ना, असे मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, सरांच्या समोर वाचायचं म्हणजे त्यांची परीक्षा घेतल्यासारखं होतं.”

हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत राहिले. आमच्या ओटीत कोणी कोणाशी उद्धटपणे वागते असे नव्हे. उलट तिथले वातावरण घरच्यासारखे आहे, आणि वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न न विचारण्याची घरातली रीतच तिथेही चालते. सर हात धुऊन आत आले की बोलणे थांबते, रेडिओ बंद होतो, आणि त्यानंतर जे काही विचारायचे ते सरांनी. हा नियम कोणी लिहिलेला नाही, नव्या सिस्टरला तो कोणी समजावून सांगत नाही, तरी आठवडाभरात तिला तो कळतो. संस्थेची संस्कृती म्हणतात ती हीच. आम्ही या न लिहिलेल्या नियमाला धक्का न लावता त्याच्यावर एक छापील कागद चिकटवला होता, आणि कागदाने त्या नियमापुढे मान तुकवली होती.

पुढे वाचन वाढवले तेव्हा कळले की हे केवळ आमच्याकडेच घडलेले नव्हते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हा तक्ता सक्तीचा झाल्यावर तिथल्या १०१ रुग्णालयांतील दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांनी पूर्तता जवळजवळ संपूर्ण असल्याचे कळवले होते, पण मृत्यू आणि गुंतागुंती यांत लक्षणीय घट आढळली नव्हती. या निष्कर्षाचे अर्थ वेगवेगळ्या तऱ्हेने लावले गेले आहेत. माझ्यासमोर मात्र त्या रद्द झालेल्या शस्त्रक्रियेचा भरलेला तक्ता होता, आणि मला त्या आकड्यांचा अर्थ लावण्यास फारसे कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या खेपेला आम्ही परिपत्रक काढले नाही. एकच ओटी आणि एकच सर्जन निवडले. हाडांचे हे तरुण डॉक्टर स्वतःहून तयार होते. तक्ता मराठीत करायचा ठरले, आणि तो मी करण्याऐवजी सिस्टरांनीच करावा असे इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. ही सूचना किती मोलाची होती ते मला हळूहळू कळले. माझ्या मसुद्यात ‘शस्त्रक्रियेची बाजू निश्चित करण्यात आली आहे काय?’ असे वाक्य होते. सिस्टरांनी ते खोडून ‘सर, आपण कोणत्या बाजूला करतोय?’ असे केले. पहिल्या वाक्याला ‘हो’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते, दुसऱ्याला उत्तर देताना बाजूचे नाव घ्यावेच लागते. शिवाय हा प्रश्न परीक्षकाचा राहिला नाही, सोबत काम करणाऱ्याचा झाला.

नावे सांगण्याचा मुद्दा मात्र अवघड गेला. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे मूळ तक्त्यात आहे. सर्जन विरोध करतील असे मी धरून चालले होते, पण विरोध सिस्टरांकडून आणि मामांकडून झाला. रोज एकमेकांच्या डब्यातले खाणाऱ्यांनी ‘मी अमुक’ असे म्हणणे त्यांना नाटकी वाटत होते, आणि सरांसमोर स्वतःचे नाव घेणे संकोचाचे. आम्ही तडजोड केली : रोज सकाळी फळ्यावर त्या दिवसाच्या सगळ्यांची नावे आणि कामे लिहायची, आणि नवा माणूस असेल तर त्याने तोंडाने सांगायचे. मूळ पद्धतीचा हेतू यातून पूर्ण साधत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज एकदा तरी उमटावा हाही त्यामागचा विचार आहे. तरीही जे रोज मनापासून होईल तेच ठेवावे, असे मला वाटले आणि आजही वाटते.

प्रतिजैविकाच्या मुद्द्याने तर आम्हाला आमचेच काम नव्याने दाखवले. छेद घेण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले गेले पाहिजे, म्हणजे छेद घेताना रक्तात आणि ऊतींमध्ये त्याची मात्रा पुरेशी असते. आमच्याकडे वर्षानुवर्षे ‘ओटीला पाठवण्यापूर्वी’ अशी सूचना लिहिली जात होती, आणि वॉर्डातली सिस्टर सकाळी सात वाजता सगळ्या रुग्णांना इंजेक्शन देऊन मोकळी होत होती. पहिल्या केसला ते कसेबसे लागू पडे. लिस्टवरच्या चौथ्या रुग्णाला छेद घेतला जाई तेव्हा साडेबारा-एक वाजलेले असत. तक्ता मोठ्याने वाचला जाऊ लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘किती वाजता दिलं?’ या प्रश्नाला ‘सात’ असे उत्तर आले आणि ओटीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. यात कोणा एकाची चूक नव्हती. सूचना लिहिणारा, औषध देणारी आणि छेद घेणारा या तिघांनी हा प्रश्न एकत्र उभे राहून कधी ऐकलाच नव्हता.

उपाय सरळ होता : इंजेक्शन रुग्णासोबत ओटीत पाठवायचे आणि ते भूलतज्ज्ञाने द्यायचे. याला पहिला विरोध मी केला. भूल देण्याच्या वेळी माझे लक्ष श्वासनलिकेवर आणि मॉनिटरवर असते, त्यात आणखी एक जबाबदारी नको, औषधाची ॲलर्जी त्याच क्षणी उद्भवली तर कारण ओळखणे अवघड जाईल, अशी कारणे मी बैठकीत मांडली. ती खोटी नव्हती. पण इन्चार्ज सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, आम्हाला बदल सांगताना आमचीही कारणं होती.” मी ते काम घेतले. आता आम्ही भूल देण्याच्या काही वेळ आधी, रुग्ण बोलता असताना, सलाईनमधून ते हळूहळू देतो आणि माझी मूळ शंका त्यामुळे बरीचशी मिटली आहे. बदल लादणाऱ्याच्या जागेवरून उठून तो स्वीकारणाऱ्याच्या जागी बसल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही, हे मला त्या दुपारी कळले.

आमचे ज्येष्ठ सर्जन या साऱ्यापासून दूर होते. या गावात लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, त्यांनी आणली, रात्री-अपरात्री त्यांनी वाचवलेल्या माणसांची कुटुंबे आजही त्यांच्या पाया पडतात, आणि त्यांचे कौशल्य मी रोज जवळून पाहते. त्यांचे म्हणणे असे होते की इतक्या वर्षांत त्यांच्याकडून बाजू चुकलेली नाही, आणि ज्याला स्वतःच्या कामाची खात्री नाही त्याने कागद वाचावा. मी त्यांना आकडे दाखवले, त्यांनी ते आदराने ऐकले आणि बाजूला ठेवले. मग एकदा मी त्यांना इंग्लंडमधली २००५ सालची एक घटना सांगितली. मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाच्या पत्नीला नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना आणि मुखवट्यानेही श्वास देता येईना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करण्याचा संच एका परिचारिकेने आणून ठेवला होता, काय करायला हवे हे तिथल्या परिचारिकांना कळत होते, पण ते डॉक्टरांच्या कानी पडेल अशा रीतीने कोणाला सांगता आले नाही. त्या बाई पुढे दगावल्या. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच म्हटले की त्यांच्या ओटीतही तक्ता वाचायला हरकत नाही, पण त्यांनी हातमोजे घातल्यावर उगाच वेळ जाता कामा नये.

त्यानंतर दीडेक महिन्याने त्यांच्याच ओटीत पित्ताशयाची एक खुली शस्त्रक्रिया होती. सूज फार होती, रक्तस्राव झाला होता, वेळ लांबला होता. पोट शिवायला घेण्यापूर्वी सर्जनच्या हाताशी हत्यारे देणारी स्क्रब सिस्टर आणि फ्लोअर सिस्टर यांनी मॉप मोजले आणि एक कमी भरला. त्यांनी पुन्हा मोजले. सरांनी हातात सुई घेतली होती. त्यांनी स्वतः पोटात हात फिरवून पाहिले होते आणि आत काही नाही अशी त्यांची खात्री होती. फ्लोअर सिस्टर, तीच जिने हर्नियाच्या वेळी तोंड उघडले नव्हते, फळ्यापाशी उभी होती. फळ्यावर तिच्याच अक्षरात ‘मॉप – १५’ असे लिहिलेले होते. ती म्हणाली, “सर, थांबा. एक कमी आहे.” तिचा आवाज कापत होता, पण तो ओटीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मला स्पष्ट ऐकू आला. सरांनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

पोटात पुन्हा पाहिले, ड्रेपच्या घड्या पाहिल्या, टेबलाखाली पाहिले. शेवटी मामांनी बादलीतले मॉप एकेक करून उलगडले, तेव्हा रक्ताने चिकटलेल्या दोन मॉपची एक घडी सुटली. मॉप पोटात नव्हता. आम्ही नऊ मिनिटे थांबलो होतो आणि रुग्णाची भूल तेवढा वेळ लांबली होती.

रुग्णाच्या दृष्टीने याहून चांगला शेवट असू शकत नव्हता, पण त्या सिस्टरच्या दृष्टीने ती कसोटीची वेळ होती. तिने थांबवले आणि सरांचेच म्हणणे खरे निघाले. मला तोपर्यंत वाटत असे की एखाद्या दिवशी तक्त्यामुळे खरोखरची चूक पकडली जाईल आणि मग सगळ्यांना तो पटेल. त्या नऊ मिनिटांत मला वेगळीच भीती वाटली. चूक पकडणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात; शंका घेऊन ती निराधार ठरलेल्या माणसाला त्याच दिवशी काय ऐकावे लागते, त्यावर पुढच्या वेळी कोण बोलेल आणि कोण गप्प राहील, हे ठरत असते. सर तेव्हा काही वावगे बोलले असते, अगदी सौम्य टोमणा मारला असता, तरी आमचे वर्षभराचे काम तिथेच संपले असते. सर म्हणाले, “पंधरा झाले ना? लिहा फळ्यावर. आता शिवतो.” टाके पूर्ण झाल्यावर हातमोजे काढताना ते तिच्याकडे वळून म्हणाले, “पुढच्या वेळी दहा-दहाच्या जुड्या बांधूनच मोजायला द्या, म्हणजे चिकटणार नाहीत.” कौतुकाचा एकही शब्द त्यात नव्हता, पण ‘पुढच्या वेळी’ हे दोन शब्द तिथल्या प्रत्येकाने ऐकले. जुड्या दहाच्या करायच्या की पाचाच्या, यावर सिस्टरांनी पुढे विचार केला आणि पाचाच्या ठरल्या. आता तिन्ही ओट्यांत तसेच चालते.

या काळात दर्जा-विभागाच्या अहवालातला शंभर टक्क्यांचा आकडा झपाट्याने खाली आला, कारण आम्ही रात्री तक्ता भरणे बंद केले होते आणि जे झाले नाही ती चौकट कोरी ठेवायला सांगितले होते. विश्वस्तांच्या बैठकीत याबद्दल काळजीने विचारणा झाली. तो रद्द झालेल्या शस्त्रक्रियेचा तक्ता, नाव झाकून, मी त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारले की आपल्याला यातला कोणता आकडा हवा आहे. चर्चा लांबली. मानांकनाच्या तपासणीच्या तोंडावर अपूर्ण कागद दाखवणे त्यांना धोक्याचे वाटत होते आणि त्यांची ती भीती मी समजू शकत होते. अखेर कोऱ्या चौकटीपुढे कारण लिहायचे आणि महिन्यातून एकदा ती कारणे ओटीतल्या सर्वांनी एकत्र वाचायची, असे ठरले. त्या वाचनाला मामा आणि मावशीही बसतात.

सगळे सुरळीत झाले असे मी लिहू शकत नाही. रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वीचा तिसरा थांबा अजून कच्चा आहे. तोवर सर्जन पुढच्या केसच्या किंवा स्वतःच्या दवाखान्याच्या ओढीने निघालेले असतात आणि मी रुग्णाला जागे करण्यात गुंतलेली असते. बाहेरून येणाऱ्या दोन सर्जनांनी तक्ता मनापासून स्वीकारलेला नाही. मध्यरात्रीच्या सिझेरियनला, बाळाचे ठोके घसरत असताना, कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते सोडायचे याचा छोटा तक्ता आम्ही केला आहे, पण तो अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला नाही.

गेल्या महिन्याच्या वाचनात अशाच एका सिझेरियनचा तक्ता निघाला. मोजणीची शेवटची चौकट कोरी होती. पुढे नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टरच्या बारीक अक्षरात लिहिले होते : ‘आईचा बीपी एकदम उतरला. सगळे तिकडे धावलो. शिवण्याआधी मोजले ते बरोबर होते, शिवल्यावर मोजायचे राहिले.’ खाली तिची सही होती आणि वेळ लिहिली होती, पहाटे ३.४०. इन्चार्ज सिस्टरनी ते मोठ्याने वाचले आणि मग अशा वेळी मोजणीसाठी आणखी कोणाला हाक मारायची, यावर बोलणे सुरू झाले.